दिवस मावळल्यावरचं पाणी

निपाणीजवळच्या माझ्या सासरी पावसाळ्याचे चार महिने दिवस मावळल्यावर कुणी पाण्याचा थेंब घेत नसे. आम्ही जैन. रात्रीचं जेवण बाराही महिने बंद, पण चातुर्मासात पाण्याचाही नेम असायचा. तो सगळ्यांत कडक पाळायचे माझे धाकटे दीर.

भावजींचं डोकं मी त्या घरात जाण्याआधीच बिघडलं होतं. दिवसभर तंबाखूच्या वखारीच्या पायरीवर बसून ते न दिसणाऱ्या कुणाशीतरी भांडत. अंगावर सदरा ठेवत नसत. नेम मात्र सुटला नव्हता. सांज झाली की पेला घेऊन अंगणात यायचे आणि विचारायचे, “वैनी, दिस हाय न्हवं अजून?” मी हो म्हटलं की पाणी प्यायचे आणि पेला पालथा घालायचे. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, “डोकं गेलं माज्या पोराचं, नेम न्हाय गेला.” मुलाचं तेवढंच त्यांच्याकडे उरलं होतं.

एका श्रावणात भावजींची तहान वाढली. दिवसा घागरीमागून घागर रिकामी व्हायची. सांजेनंतर मात्र ते पेला हातात धरून तेच तेच विचारत बसायचे. एकदा मी म्हटलं, “हाय, प्या.” त्यांनी आईकडे बघितलं.

“आई, खरं?”

“मावळला कवाच. गप पड जा.”

त्यांनी भरलेला पेला तसाच ठेवला आणि रडायला लागले. माझे यजमान म्हणाले, वेड वाढलं. वैद्य आले, डोक्यावर तेल थापून गेले. उघड्या अंगाच्या बरगड्या रोज सगळ्यांना दिसत होत्या. पण वेड्या माणसाचं लोक डोकं बघतात. अंग कुणी बघत नाही.

एका सकाळी मी राखेचं कढत पाणी ओतायला गोठ्यामागे निघाले. सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, “तिकडं वतू नको गं. लई मुंग्या लागल्यात, मरतील.”

भावजी तिथेच लघवीला बसत. माझ्या वडिलांना मधुमेह होता आणि त्यांच्या मोरीत अशाच मुंग्या लागायच्या. मी बादली खाली ठेवली आणि यजमानांना गाडी जुंपायला सांगितली.

डॉक्टरांनी नळीत निळ्या औषधाबरोबर लघवी तापवली. रंग विटेसारखा झाला. “वेडाचा याच्याशी संबंध नाही,” ते म्हणाले. “साखर आहे. इन्शुलिनची सुई मुंबईहून मागवतो, पण कधी येईल सांगता येत नाही. तोवर मागतील तेवढं पाणी द्या. दिवसरात्र बघू नका.”

घरी येऊन मी हे सांगितलं, तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

“डाक्टरचं काय जातंय? नेम त्येचा हाय व्हय?”

“आत्याबाई, जीव जाईल.”

“आन् नेम मोडून जगला, तर त्येच्याजवळ काय ऱ्हाईल गं?”

रात्री मीच पेला भरून पुढे करायचे. पण त्या खोट्या ‘हाय’नंतर भावजी माझ्या हातून घेत नसत. आईच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांना दिस दिसत नव्हता.

सुई आली नाही. भावजी अंथरुणाला खिळले. श्वास मोठा आणि खोल चालायला लागला, तोंडाला पिकून गेलेल्या फळाचा वास येऊ लागला. एका संध्याकाळी कंदील लागून झाला होता, बाहेर पूर्ण अंधार होता, आणि त्यांचे ओठ हलले. शब्द फुटला नाही, पण काय विचारतायत ते आम्हा दोघींना कळलं.

सासूबाई उठल्या. खुंटीवरचा कंदील काढून त्यांनी मुलाच्या तोंडासमोर धरला.

“हाय की रं बाळा. ह्यो बघ, डोळ्यावर आलाय. पी.”

पेला मी लावला. थोडं आत गेलं, बाकीचं छातीवर सांडलं. मग त्यांनी हात पुढे केला. पेला पालथा घालायचा होता. मी तो त्यांच्या हातात दिला.

ते पहाटे गेले. सासूबाईंनी पुढे कधी त्या नेमाचं नाव काढलं नाही, पण पुढच्या चातुर्मासातही स्वतः तो पाळला.

आता त्याही नाहीत. भुतंखेतं मी मानत नाही, मानायला सवडही नाही. तरी धुणं आवरत असताना, सांजेच्या सुमाराला अंगणातून तीच विचारणा होते. मी दोरीवरची लुगडी काढत राहते, वर बघत नाही.

“हाय,” म्हणते. पेला पालथा होईल एवढा वेळ जाऊ देते. मग कंदील लावते.