वन्संचा हललेला फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — आणि ह्यांना तर मी माहेरच्या मांजरीची बाळंतपणंसुद्धा सांगितली होती.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. आम्ही डमडमला राहायचो. हे आणि त्यांची बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, दोघं कलकत्त्यातच जन्मलेले. मी साताऱ्याहून आलेली सून, आणि स्वतःला मोठी कलावंत समजणारी. ह्यांचा कॅमेरा मी बळकावला होता. दुपारी खिडक्या लोटून घ्यायच्या, कॅमेरा स्टँडवर, शटर उघडं सोडून धावत खुर्चीत जाऊन बसायचं आणि चाळीस मोजायचे. मग उठून शटर बंद. स्थिर बसलं तर चेहरा उमटतो. हललं की त्याचा धूर होतो. विचारमग्न मी, उदास मी, आरपार खुर्ची दिसणारी अर्धी मी! काय म्हणावं या बाईला?

आणि बाळ? स्वयंपाक? ते वन्सं बघायच्या. त्या शिक्षिका, शाळा सकाळची. बाराला घरी येऊन त्या पदर खोचायच्या, म्हणून माझी दुपार मोकळी. सांगते, सांगते — तिकडेच येतेय.

वन्सं एकतिशीच्या. नागपूरचं स्थळ आलं, त्यांनी फोटो मागवला. स्टुडिओत जायला वन्सं तयार होईनात. आधी दोनदा नकार आला होता, दोन्ही फोटो स्टुडिओतलेच. मला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही स्वतःची काढता तशी माझी छबी मलाच काढू द्या. समोर कुणी नसलं की तोंड जरा माणसासारखं राहील."

मी शिकवलं. सगळं बरोबर शिकवलं — एक सोडून. म्हटलं, मोजताना मान सावकाश दाराकडे न्या, परत समोर आणा. चेहऱ्यावर गोडवा येतो.

गोडवा! मला ठाऊक नव्हतं का काय होणार ते? चांगलं ठाऊक होतं.

बाळाला घेऊन मी बाहेर उभी. आतून त्यांचं मोजणं ऐकू येत होतं — एक, दुई, तीन — बंगालीत. बाहेर येऊन म्हणाल्या, "आणखी एक काढू का? मनाला बरं." मी म्हटलं, रोल संपला. चार फोटो शिल्लक होते. ते दुसऱ्या दिवशी मी माझे काढले.

रोल धुऊन आला. पदराचा काठ स्पष्ट, बांगड्या मोजून घ्याव्यात, आणि चेहऱ्याच्या जागी धूर. माझे चार मी पाकिटातून आधीच काढून ठेवले होते. म्हटलं, उजेड कमी पडला हो.

वन्सं बराच वेळ बघत राहिल्या. मग हसल्या. "बघा, कॅमेऱ्यालासुद्धा मी नको." आणि मामंजींना सांगून नागपूरला आपणच नकार कळवला.

त्या गेल्या असत्या तर माझ्या दुपारी गेल्या असत्या — इतकंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

वन्सं शेवटपर्यंत आमच्याकडे राहिल्या. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच हातची. कॅमेरा दिसला की मात्र उठून आत जायच्या. त्या वारल्या तेव्हा हार घालायला फोटोच नव्हता. शाळेच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतला त्यांचा वाटाण्याएवढा चेहरा आम्ही मोठा करून घेतला. नाकडोळे नीट कळत नाहीत. नातवंडं विचारतात, या कोण? मी नाव सांगते.