पाय न दाखवणारा तमाशापट

आमच्या जळगावच्या कॉलनीत एक निवृत्त इंजिनिअर आहेत. जुन्या सिनेमांच्या वस्तू जमवायचा त्यांना भारी नाद. परवा त्यांनी मला चहाला बोलावून, फिरत्या तमाशा फडावरचा एक कुणाला ठाऊक नसलेला सिनेमा दाखवला. धुळ्याहून दोन संग्राहक त्यासाठी मुद्दाम आले होते. सिनेमात नायिका लावणीमागून लावणी नाचते, पण कॅमेरा तिच्या गुडघ्यांखाली उतरतच नाही.

"काय संयम आहे दिग्दर्शकाचा!" तिघांनीही माना डोलावल्या.

संयम कसला? हा सिनेमा मी लहानपणी पहूरला तंबूत पाहिलाय. जत्रेतले तमाशे पाहून तयार झालेलं ते पब्लिक दुसऱ्याच लावणीला ओरडायला लागलं, "अरे, पाय दाखवा!" बाईला नाचता येत नव्हतं, दुसरं काही नाही. सिनेमा सगळीकडे असाच आपटला, म्हणून आज तो दुर्मिळ.

मी हे सांगितलं, तर इंजिनिअर म्हणाले, "खेड्यातल्या प्रेक्षकाला काय कळणार!"

निघताना त्यांनी काचेत जपलेलं पोस्टर दाखवलं. त्यावर नुसते घुंगरू बांधलेले दोन पाय होते. याच पोस्टरला भुलून पहूरचे लोक तंबूत शिरले होते. पण ते निदान मध्यंतरात उठून गेले.