बाराव्या काट्यावरची घंटा

कानस मी चालवली. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना माझ्याविषयी कुणाचा चांगला गैरसमज होणार नाही. चांदीच्या काट्या-चमच्यांच्या एका सेटमधल्या बाराव्या काट्याच्या पाठीवर गव्हाच्या दाण्याएवढी घंटा कोरलेली होती. स्टोअररूमचं दार लावून मी ती दहा मिनिटांत घासून काढली. वरून खडूची पूड चोळून चकाकी आणली. असं कर, म्हणून मला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

बंगळूरच्या कॅंटोन्मेंटमधल्या एका लिलाव कंपनीत मी तेव्हा कॅटलॉग लिहायचो. गोरे लोक बंगले विकून विलायतेला निघाले होते आणि त्यांची चांदी आमच्या टेबलांवर येत होती. ती घ्यायला नवे शौकीन येत. घरी ही मंडळी पाच बोटांनी सारभात कालवत, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या काट्या-चमच्यांसाठी आमच्या हॉलमध्ये एकमेकांवर गुरगुरत. चमचा हातात आला की आधी उलटा करायचा. पाठीवर हॉलमार्क असतो, म्हणजे चांदीचा कस, गाव, वर्ष आणि कारागीर सांगणारे बारीक ठसे. ते भिंगातून वाचायचे आणि मान डोलवायची. चमच्याची वाटी कशी ठोकून खोलगट केली आहे, दांडा हातात कसा बसतो, हे बघायला कुणाला वेळ नसे. नवरीचं तोंड न बघता तिच्या बापाचं नाव विचारणारी माणसं ही.

त्या वर्षी एका कुटुंबानं हातानं घडवलेले काटे-चमचे आणले. चमचे बारा होते, काटे अकरा. कुटुंब त्याच आठवड्यात बोटीवर चढलं. आमचे मॅनेजर मूर्ती म्हणाले, "अकरा? अकरा माणसांना कोण जेवायला बोलावतं? गेट वन मेड."

तो काटा मी शिवाजीनगरच्या गोविंदअण्णांकडून करवून घेतला. अण्णा आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेले मराठी. कॅंटोन्मेंटमधल्या घरांची, दोन चर्चची चांदी दुरुस्तीला त्यांच्याकडे यायची. लोक चांदी सोडून जात, पावती मागत नसत. त्यांचा सगळा धंदा तेवढ्यावर उभा होता.

त्यांनी चांदीची कांब तापवून, ठोकून काटा घडवला. दात करवतीनं कापले. अकरांच्या शेजारी ठेवला तर भावंडच. फरक दोनच. याचे दात पूर्ण लांबीचे होते, बाकीच्यांचे ताटलीवर घासून झिजलेले. आणि पाठीवर ती घंटा.

"अण्णा, दातही स्वल्प झिजवा की," मी म्हटलं.

"झीज मी करत नाही रे सीताराम. ती खाणाऱ्यानं करायची."

"आणि ही घंटा?"

"आजोबांपासूनची खूण आहे. दुसऱ्याच्या सेटमध्ये आपली वस्तू बसवली की घंटा मारायची. उद्या कुणाला वाटायला नको, की हीही त्याच हातची."

मूर्तींनी काटा पाहिला आणि कॅटलॉगचा कागद माझ्याकडे सरकवला. "सेट ऑफ ट्वेल्व्ह. एकाचे मार्क्स वॉर्न, असं लिहा." वॉर्न म्हणजे वापरून पुसट झालेले. घंटा तर ठसठशीत होती. मी लिहिलं, आणि लिहिलेलं खरं करण्यासाठी कानस उचलली. इतका आज्ञाधारक मी घरी वडिलांशीही कधी नव्हतो.

लिलावाच्या आदल्या दिवशी माल पाहायला लोक येतात, त्याला व्ह्यूइंग म्हणतात. त्या दिवशी मुदलियार आले. गिरणीमालक, आणि चांदीतले आमच्याकडचे सर्वज्ञ. त्यांनी बाराव्या काट्यावर तोंडानं वाफ सोडली. चांदी कुठं खरवडली असेल तर वाफेत तो डाग वेगळा दिसतो. मग अंगठा फिरवला. कानशीचा खड्डा लागला.

"मूर्ती, धिस हॅज बीन फाइल्ड!"

हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं होती. सगळी वळली. दातांकडे नुसतं बघितलं असतं तर या माणसाला वाफेची गरजच नव्हती, पण तो आयुष्यभर पाठीच वाचत आला होता. मूर्तींनी माझ्याकडे पाहिलं. मी कन्नडमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "साहेब, हा दुरुस्तीला शिवाजीनगरला गेला होता. गोविंद म्हणून कारागीर आहे. त्यानं बदलला असणार."

अण्णा दाराशी उभे होते. धुतलेलं धोतर, काळी टोपी. आपला काटा मांडलेला बघायला आले होते. हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर बोललो नसतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

ते जवळ आले, काट्याची पाठ पाहिली आणि मराठीत म्हणाले, "सीताराम, बदलला? बारावा होताच कुठं रे?"

कन्नड त्यांना माझ्यापेक्षा चांगली यायची. तरी ते मराठीत बोलले, म्हणजे भरल्या हॉलमध्ये ते आम्हा दोघांतच राहिलं. मला सावरायला त्यांनी जागा ठेवली होती.

मूर्तींनी विचारलं, "व्हॉट इज ही सेइंग?"

"माफी मागतोय, सर," मी म्हणालो.

अण्णांनी ते ऐकलं. मग "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणून निघून गेले.

सेट मुदलियारांनीच घेतला, पडेल भावात. महिन्याभरात दोन्ही चर्चनी आपली चांदी अण्णांकडून परत नेली. घरांनी दुरुस्ती पाठवणं बंद केलं. वस्तू बदलणाऱ्याकडे वस्तू कोण ठेवील? त्यांच्या पेटीत आता जोडवी आणि पैंजण तेवढे उरल्याचं मला दुसऱ्यांकडून कळत होतं. मी स्वतः शिवाजीनगरच्या एक स्टॉप आधी बसमधून उतरायचो.

मुदलियारांना मात्र त्या काट्यानं फार सुख दिलं. जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांत ते तो फिरवत. दर व्ह्यूइंगला आमच्या हॉलमध्येही गोष्ट सांगत, चोराच्या नावासकट, गल्लीसकट. आठ महिने मी शेजारी उभा राहून मान हलवली. नवव्या महिन्यात ते म्हणाले, "अँड द ओल्ड थीफ अपॉलोजाइज्ड! आस्क हिम!" आणि बोट माझ्याकडे केलं. त्या दिवशी संध्याकाळी मी शिवाजीनगरला उतरलो.

अण्णा पैंजणाला घुंगरू जोडत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं.

"कानस तुझी, ते मला त्याच दिवशी कळलं होतं," ते मान वर न करता म्हणाले. "चांदीवर असे आडवे ओरखडे ऑफिसातला माणूसच काढतो."

"अण्णा, मला क्षमा करा."

"मला कशाला सांगतोस? मला माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग." मग घुंगरू चिमट्यात धरून म्हणाले, "आणि मराठीत नको."

पुढचं आधी सांगून टाकतो. माझी नोकरी गेली. एका चर्चची चांदी अण्णांकडे परत आली, दुसऱ्याची आली नाही. मुदलियारांनी ती गोष्ट सांगणं सोडलं, कारण चोर नसलेल्या गोष्टीत त्यांची हुशारी उरत नव्हती. या धंद्यातून मी एवढंच शिकलो, की वस्तूवर आपलं नाव घालणारा कारागीर क्वचितच फसवतो. कॅटलॉगवर आमचं नाव कधीच नसायचं.

पुढच्या व्ह्यूइंगला हॉल भरला होता. मुदलियार खिडकीशी चमचा उलटा धरून उभे होते. अण्णा आले नव्हते. मी बोलावलंच नव्हतं, तेवढा धीर नव्हता. मी टेबलापुढे जाऊन उभा राहिलो आणि कन्नडमध्ये मोठ्यानं म्हणालो, की बारावा काटा कधी नव्हताच. तो गोविंदअण्णांनी आमच्या सांगण्यावरून घडवला, त्यावर आपली खूण घातली, आणि ती मी पुसली. त्या दिवशी त्यांनी माफी मागितली नव्हती. माफी मी मागायची होती, ती आज मागतो.

"तप्पु नंदु," मी म्हणालो. चूक माझी.

मूर्ती म्हणाले, "बस झालं, सीताराम."

मी पुन्हा एकदा म्हणालो, कारण मागच्या लोकांना ऐकू गेलं नव्हतं.