क्रीकवरच्या भाजीची कोशिंबीर

"व्हेजिटेरियन आहे म्हणे ती. मग लिव्हर फ्लूक आला कुठून?"

पडद्यापलीकडे एक तरुण डॉक्टर नर्सला विचारत होता. पडद्याअलीकडे मी होते. माझ्या आजाराचं नाव मला असं कळलं.

लिव्हर फ्लूक म्हणजे यकृतात राहणारा चपटा जंत. तो गुरामेंढ्यांना होतो. मी फोनवर त्याचा फोटो पाहिला आणि फोन उशीखाली सारला.

मी इकडे परदेशात, टूवूंबाला, काका-काकूंकडे राहून युनिव्हर्सिटीत जाते. दीड महिन्यापूर्वी ताप यायला लागला. उजव्या बरगडीखाली दुखायचं, अंगावर गांधी उठायच्या. "कॅन्टीनचं खातेस ना, त्याचं आहे हे," काकू म्हणाली. रक्तात इओसिनोफिल्स फार वाढलेले निघाले. या पांढऱ्या पेशी अ‍ॅलर्जीत किंवा जंत झाल्यावर वाढतात. सीटी स्कॅनमध्ये यकृतात वेड्यावाकड्या वाटा दिसल्या, लाकडात वाळवीने केल्यासारख्या. मग रक्त दुसऱ्या शहरात पाठवलं, आणि आठ दिवस नुसती वाट पाहिली.

रक्त पाठवायच्या आधी एकदा डॉक्टरांनी विचारलं होतं, "ओढ्यातलं काही कच्चं खाल्लंय?"

काकू शेजारीच होती. "आमच्याकडे सगळं प्युअर व्हेज," ती म्हणाली. मी मान डोलावली.

पण मला आठवत होतं. हिवाळाभर, म्हणजे इथे जूनपासून, दर रविवारी काकू मैत्रिणीच्या फार्मवर जायची आणि तिथल्या क्रीकमधून, म्हणजे ओढ्यातून, वॉटरक्रेस ही पाण्यात उगवणारी पालेभाजी तोडून आणायची. चव अळिवाच्या पानांसारखी, तिखट. "फुकट उगवतंय, आणि इथे कुणी ढुंकून बघत नाही!" मिठाच्या पाण्यात तीनदा धुणं, दाण्याचं कूट, लिंबू, वरून हिंग-मोहरीची फोडणी. मी दोनदा वाढून घ्यायचे. एकदा चाळणीच्या तळाशी बोटाच्या नखाएवढी तपकिरी गोगलगाय दिसली होती. मी ती सिंकमध्ये सोडून दिली. वरून नळ सोडला.

आजाराचं नाव कळलं त्याच दिवशी दुपारी मोठ्या डॉक्टर एकट्या आल्या, तेव्हा मी हे सांगितलं. त्यांनी कागदावर गाय, गोगलगाय आणि पान काढलं.

"शेणातून अंडी पाण्यात जातात. त्यातून निघालेल्या अळ्या गोगलगायीच्या अंगात शिरतात, तिथे एकीच्या शेकडो होतात, बाहेर पडून पानांना चिकटतात. मिठाच्या पाण्याने त्या हटतील याची खात्री नाही. भाजी नीट शिजवली तरच मरतात. कच्ची खाल्ली तर आतडं भेदून यकृतात पोचतात."

मला कागदी भांड्यात उलटी झाली. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "ज्यांनी ज्यांनी ती खाल्ली, त्यांचं रक्त तपासायला हवं," त्या म्हणाल्या.

ट्रायक्लाबेन्डाझोल या गोळ्यांचे दोन डोस झाले. ताप उतरला. किळस उतरली नाही. शेणातून गोगलगायीत, तिथून माझ्यात. मी दिवसातून पाच वेळा दात घासत होते.

तुम्हाला असं काही झालं, तर मांस खात नाही म्हणून निश्चिंत राहू नका. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा, शेजारी कुणीही बसलेलं असो, खरं सांगा. माझे आठ दिवस वाचले असते.

घरी मात्र मी "लिव्हरला इन्फेक्शन होतं" एवढंच बोलले. काकूने हॉस्पिटलात रोज मऊ भात आणला होता. तिला काय सांगायचं, तूच मला हे खाऊ घातलंस? उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत आठवडा गेला.

मग इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं जेवण आलं. मला वाटलं होतं, ती पुलाव करणार. हॉलमध्ये तिने मोठ्या पातेल्यावरचा फॉइल काढला आणि फोडणीचा वास आला.

"शुभाताई, तुमची फेमस कोशिंबीर!" कुणीतरी ओरडलं.

"डबल केलीय. आमची पुतणी फार बोलत नाही, पण विचारा तिला, किती खाते!"

सगळे हसले. पाच-सहा वर्षांच्या एका मुलीने ताट पुढे केलं. "अ लिटल बिट, प्लीज." काकूने चमचा भरला.

मी ते ताट हाताने झाकलं.

"काकू, वाढू नकोस. माझ्या लिव्हरमधले किडे याच भाजीतून आले. सगळ्यांनी ऐका, कुणीही खाऊ नका, आणि आधी खाल्ली असेल तर रक्त तपासून घ्या. आणि काकू, उद्या तुझं आणि काकांचं रक्त तपासायला आपण जातोय. मी येतेय बरोबर."