खुरप्याचा ओरखडा

बीडला जुन्या संस्कृतींचं म्युझियम उघडलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि जवळजवळ दर आठवड्याला एक पत्रक काढत होते. रोजगार हमीवर, नळाच्या आधी गावात पोचलेल्या डिश अँटेनावर. विषय कमी पडले तरी राग कमी पडत नव्हता.

माय म्हणाली, "मला ने तिथं. माझं मडकं हाय त्यात."

आमचं गाव दिंद्रुडच्या बाजूला. गावाबाहेर पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड. बाया घर सारवायला तिथली माती आणायच्या. माझ्या जन्माच्या आदल्या साली सरकारी खात्यानं ते टेकाड खणायला घेतलं आणि माय तिथं रोजानं गेली. माझी थोरली बहीण तेव्हा नुकतीच वारली होती, दोन महिन्यांची. आमच्याकडे एवढ्या लहान लेकराला पुरतात. वडिलांनी तिला ओढ्याकाठी पुरलं. बाईमाणसानं जायचं नसतं म्हणून मायला नेलं नाही. पुढं पुरात काठच वाहून गेला. दाखवायलाही जागा उरली नाही.

खड्ड्यात माती उकरताना मायचं खुरपं खण्णकन वाजलं. तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी, आत तान्ह्या लेकराची हाडं. मडक्यावर ओरखडा उठला म्हणून साहेब आधी ओरडले. मग शांत झाले आणि म्हणाले, हजारो वर्षांपूर्वी लोक तान्ही लेकरं अशीच पुरायचे, घरातल्या जमिनीखाली.

"घरातच?" मायनं विचारलं होतं. "मायच्या जवळ?"

ते लेकरू अजून मडक्यातच आहे की काढून वेगळं ठेवलंय, एवढंच तिला बघायचं होतं. एसटीत तिनं हे सगळं सांगितलं. मी ऐकत होते आणि मनात पत्रकाचा मथळा जुळवत होते.

म्युझियम म्हणजे दोन खोल्या. विहारात जावं तशी माय चपला पायरीवर काढून आत गेली. पहिल्या खोलीत परदेशांची चित्रं होती. मिसरच्या राजाच्या ममीच्या चित्रापुढं ती थांबली.

"ह्याला कावून गुंडाळलंय गं?"

"राजा होता. मेल्यावर टिकावा म्हणून."

"राजाचं ऱ्हाऊ दे. आपलं लेकरू कुठं ठिवलंय ते इचार."

दुसऱ्या खोलीच्या दाराशी आमच्या टेकाडाचा मोठा फोटो होता. पुढं टोप्या घातलेले साहेब, मागं डोक्यावर मातीच्या पाट्या घेतलेल्या बाया. खाली साहेबांची नावं, आणि शेवटी दोन शब्द: 'व मजूर'. त्या बायांत तिसरी माझी माय.

माझं डोकं फिरलं. मातीत हात कुणाचे, पाटीवर नावं कुणाची, असं मी मोठ्यानं सुरू केलं. म्हातारा पहारेकरी जवळ आला. "ताई, हळू. शाळंची पोरं आल्यात."

"पोरांनाच ऐकू द्या!"

"अवो, पाटी मी लिवली का? मलाच हितं कुणी नावानं हाक मारीत न्हाई."

पोरं हसली. मला वाटलं, मलाच हसली. मी पिशवीतून पत्रकं काढून वाटायला लागले. आतून म्युझियमचे साहेब आले. म्हणाले, "हे धंदे रस्त्यावर करा." मग मी त्यांच्याशीही भांडले.

"चल माय. इथं आपला अपमान होतोय."

माय दुसऱ्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती. "थांब की जरा. त्या कोपऱ्यात दिसतंय बग. एवढं बगू दे."

मी तिचा दंड धरला आणि तिला बाहेर आणलं. चपला तिनं हातातच घेतल्या, रस्त्यावर येऊन घातल्या. स्टँडवर ती म्हणाली, "फोटूत मी हाय ते मला ठावं हाय. त्याच्यासाठी आल्ते का मी?"

पत्रक निघालं. लोकांना लई आवडलं. मायला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "मडक्याचं लिवलंस का?"

नव्हतं लिहिलं.

पुन्हा नेते, पुन्हा नेते म्हणत दीड वर्ष गेलं. मोर्चे होते, धरणं होती. नेलं तेव्हा त्या खोल्यांवर कॉम्प्युटर क्लासची पाटी होती. तोच म्हातारा आता बाहेर पोरांच्या सायकली राखत होता. त्यानं मला ओळखलं. माय मागं पायरीवर चपला काढत होती, तेवढ्यात म्हणाला, "खोक्यात भरून नेलं सगळं. कुणी पुणं म्हणतं, कुणी मुंबई. मी रजेवर हुतो, बगितलं न्हाई."

माय जवळ आली. मी तिला सांगितलं, सामान नेलं. तिनं दारातून त्या टीव्हीसारख्या डब्यांकडं पाहिलं, मग म्हाताऱ्याला विचारलं, "दादा, दोन मडकी हुती. येकावर ओरखडा. भरताना लेकरू त्यातच ठिवलं, का येगळं काढलं?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

"त्यातच ठिवलं, मावशी. तोंडाला तोंड लावून, वरून कापूस घालून. माझ्या डोळ्यांदेखत."

आयुष्यात मी खोटं खपवून घेतलं नव्हतं. त्या दिवशी खाली वाकले आणि मायच्या चपला तिच्या पायांपुढं सरकवल्या.