घाण पाण्याची वाट बघताना

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. टाकीच्या तळाशी गाळ बसावा, तसे ते आपोआप साचतात. मी नांदेडचा. सांडपाणी साफ करणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर. लग्नात कोणी 'काय करता?' विचारलं आणि मी खरं सांगितलं, की समोरचा माणूस जिलेबी घेऊन दुसऱ्या पंगतीला जातो! पण मित्र जमले की हटकून म्हणतात, "तुझ्या अहमदपूरच्या डब्याचं सांग." आणि हसायच्या तयारीनं बसतात. सुरुवातीचे किस्से हसण्यासारखे आहेत, हे मलाही मान्य आहे.

*

अहमदपूरहून चाकूरकडे जाताना एक नवी कॉलनी आहे. नवा जिल्हा होणार, अशी तेव्हा हवा होती. त्या हवेवर प्लॉट विकले गेले, घरं वाढली, पण गटाराचं पाणी जायचं कुठं, हे कोणी ठरवलं नव्हतं. आमची स्कीम अशा वस्त्यांसाठीच होती. अख्खा प्लांट एका लोखंडी कंटेनरात. ट्रेलरवर येणार, घरं वाढली की शेजारी दुसरा डबा जोडायचा. आधी पैसे भरायचे नाहीत. जेवढं घाण पाणी येईल, तेवढंच भाडं.

पुण्याहून आमचे मॅनेजर दिघे साहेब आले. कॉलनीच्या सभेत त्यांनी स्लाइड दाखवून झाल्यावर चेअरमन बिरादार काका उठले. "सायेब, घाणबी आमचीच, अन् भाडंबी आम्हीच द्यायचं?"

सभा हसली. साहेबही हसले. म्हणाले, "पाणी आलं तरच द्या काका. नाही आलं तर डबा उचलून दुसऱ्या गावाला नेऊ."

"अन् घाण पाणी आलंच न्हाई तर?"

"काका, घाण पाणी कधी बंद पडतं का!"

त्या वर्षी पाऊसच पडला नाही.

*

प्लांट सुरू करायला आधी शेणाचा काला टाकावा लागतो. त्यातले जंतू वाढतात आणि घाण खातात. मराठवाड्यात शेणाला काय तोटा, असं मला वाटलं होतं. पण जनावरं विकलेली तरी होती किंवा छावणीत बांधलेली. आमचा ऑपरेटर सांगप्पा आणि मी टेम्पो घेऊन चारा छावणीवर गेलो.

छावणीवरच्या राखणदारानं आमच्याकडं खालून वर बघितलं. "लोकं रातच्याला चारा चोरायला येत्यात. शेण मागायला आलेले तुम्हीच पहिले!"

*

मग उद्घाटन. पूजा होती, म्हणून कॉलनीतल्या बायांनी आदल्या दिवशी मनापासून साफसफाई केली. कंटेनर धुतला, पायऱ्या धुतल्या. झाकण उघडून बघितलं तर आत शेणाचं पाणी! देवाच्या कार्याला हे बरं दिसत नाही, म्हणून त्यात फिनेलचे दोन डबे ओतले.

सकाळी सगळं चकाचक होतं. हार घातले, नारळ फुटला, पेढे वाटले. सांगप्पानं टाकीत वाकून वास घेतला आणि माझ्या कानात म्हणाला, "सायेब, ज्याची पूजा मांडली, ते तर मरून पडलंय."

पुन्हा टेम्पो, पुन्हा छावणी. राखणदार म्हणाला, "खाताव का काय तुम्ही?"

*

नव्या जिल्ह्याच्या हवेची एक गंमत. प्लॉट विकणारे एजंट गिऱ्हाइकांना आमचा कंटेनर लांबून दाखवायचे. "ते बघा, सरकारी हाफिस आलं बी!" एकदा एक म्हातारा पिशवी घेऊन डब्याच्या पायरीवर येऊन बसला. टँकर वाढवून मिळावा, अशी तक्रार घेऊन आला होता.

सांगप्पानं त्याला प्यायला तांब्या दिला आणि समजावलं, "बाबा, हितं कलेक्टर न्हाई बसत. हितं निस्ती घाण साफ होती."

म्हातारा म्हणाला, "मंग बराबर आलो की."

*

इथपर्यंत मित्र हसतात. पुढचं सांगताना मी थोडा भरभर सांगतो.

टँकर आठवड्यातून एकदा यायला लागला. पोराला घमेल्यात बसवून आंघोळ घालायची, त्याच पाण्यात कपडे, उरलेल्या पाण्यानं फरशी, आणि शेवटचं दारातल्या झाडाला. नाल्यात थेंब जाईना. टाकीतले जंतू उपाशी मरायला लागले. डब्यात येणारं पाणी मोजणाऱ्या मीटरचा आकडा पुण्यात दिघे साहेबांच्या मोबाइलवर दिसायचा. ते रोज फोन करायचे. शेवटी म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत फ्लो आला नाही, तर ट्रेलर पाठवतो. दुसऱ्या गावात धरण आहे, तिथं मागणी आहे."

मला त्यांचा राग यायचा. पण त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येत नव्हतं, आणि त्यामुळं राग अजूनच वाढायचा.

डबा गेला असता तर सांगप्पालाही डब्यामागं जावं लागलं असतं. तो पुण्यातली बरी नोकरी सोडून इथं आला होता, फक्त म्हाताऱ्या मायसाठी. ती कॉलनी सोडून यायला तयार नव्हती आणि तिला बघायला दुसरं कोणी नव्हतं. म्हणून तो दारोदार फिरायला लागला. "ताई, नाल्यात एक बादली तरी सोडा की."

एक बाई म्हणाली, "भाऊ, गावात सगळे चांगलं पाणी मागून राहिलेत. तू घाण मागतोस, अन् आमच्याकडं तेबी न्हाई!"

*

पाण्याच्या बाबतीत सगळ्यात कडक होती ती सांगप्पाची मायच. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि हातात कायम तांब्या. लिंगपूजेचं पाणीसुद्धा ती वाटीत धरून बेलाच्या रोपाला घालायची. मी चहाला गेलो होतो तेव्हा सांगप्पा तिच्यापुढं अक्षरशः हात जोडून बसला होता.

"माय, तू तरी मोरीत सोड. डबा गेला तर मला जावं लागंल."

"मंग जा."

"अन् तुला कोण बघंल?"

तिनं माझी कपबशी उचलली, बशीत राहिलेलं पाणी रोपाला घातलं. "नोकरी दुसरी गावंल लेकरा. पाणी कुठून आणतोस?"

सांगप्पा उठला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "लई हट्टी हाय. पर मी न्हाई जाणार सायेब. कायबी करीन."

*

महिना संपायला आला, ट्रेलर ठरला. तो यायच्या आदल्या दिवशी पहाटे माय गेली. झोपेतच.

चाकूरहून, उदगीरहून पाव्हणे आले. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे तिला बसवून माती दिली. मीही होतो. मातीहून आलेल्या माणसाला आंघोळ केल्याशिवाय घरात जाता येत नाही, म्हणून बिरादार काकांनी कॉलनीचा अख्खा टँकर सांगप्पाच्या दारात उभा केला. "आज कोणी मोजून घेऊ नका," एवढंच म्हणाले. गल्लीतल्या सगळ्या मोऱ्या उघडल्या. बाया, बाप्ये, पोरं, सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं. कित्येक महिन्यांनी कॉलनीत पाणी वाहिल्याचा आवाज येत होता.

दुपारी माझा फोन वाजला. दिघे साहेब खुशीत होते. "अरे, फ्लो बघितलास का? कमाल आहे! टार्गेट पार झालं! ट्रेलर कॅन्सल करतो. सांगप्पाला दे, त्याला शाबासकी द्यायचीये."

मी नको म्हणेपर्यंत सांगप्पानं हात पुढं केला. केसातून पाणी गळत होतं. त्यानं फोन कानाला लावला, सगळं ऐकून घेतलं.

"हाव सायेब," तो म्हणाला. "उद्याबी येईल थोडं. पाव्हणे थांबलेत."