जीपची पुढची सीट

त्या वर्षी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून वरचेवर बंद पुकारले जायचे आणि बस मिळेल याचा भरवसा नसायचा. मला मात्र कापडाचं गाठोडं घेऊन परभणीहून पाथरीचा आठवडी बाजार गाठावाच लागे. म्हणून पाडव्याला एका जीपवाल्याशी वर्षाचा सौदा केला. भाडं सगळं आगाऊ, त्या बदल्यात पुढची सीट माझी आणि गाठोडं टपावर फुकट. अर्धा दिवस घासाघीस करून मी रक्कम उतरवली आणि स्वतःवर खूश झालो.

पहिल्याच बाजाराला पुढच्या सीटवर दुसराच माणूस बसलेला. मी भडकलो.

"शेठ, तुमचे पैसे तर आलेले हायत," जीपवाला शांतपणे म्हणाला. "ह्याचे यायचे हायत. तुमी वर बसा गाठोड्यावर, गादीवानी लागंल."

मागचे हसले. निघून जावं तर पैसे त्याच्या खिशात, शिवाय बाजार चुकणार. मुकाट्यानं वर चढलो. भाव पाडूनच मी धंदा उभा केला होता, पण इथं पाडायला भावच शिल्लक नव्हता. वर्षभर टपावरूनच गेलो.

पुढच्या पाडव्याला तो निम्मी रक्कम सांगत घरी आला. मी चहासुद्धा विचारला नाही. तेव्हापासून दर खेपेचं भाडं वेगळं देऊ लागलो. वर्षाकाठी ते जास्त पडायचं, पण पाथरीत उतरल्याशिवाय खिशात हात घालत नव्हतो, आणि पुढं बसत होतो.